ऑयलर आणि सहावी संख्या

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ वाचताना वही आणि पेन्सिल जवळ असू द्या. पाठ एका माणसाच्या आयुष्याचा आहे, पण सुरुवात आपण एका छोट्या हिशेबाने करू.

वहीत २ लिहा. त्यात १ मिळवा. ३ आले. आता २ चा वर्ग करा. ४ आले. त्यात १ मिळवला की ५. पुढे ४ चा वर्ग १६. त्यात १ मिळवून १७. मग १६ चा वर्ग २५६. त्यात १ मिळवून २५७. मग २५६ चा वर्ग ६५,५३६. त्यात १ मिळवून ६५,५३७. दर वेळी आधीच्या वर्गाचा पुन्हा वर्ग करायचा आणि त्यात १ मिळवायचा, एवढीच रीत. तुमच्या वहीत आता पाच संख्या जमल्या असतील: ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७.

या पाचही मूळ संख्या आहेत. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. उर्दूत तिला आपण मुफरद अदद म्हणतो. ज्या संख्येचे असे दुसरे भाग पडतात ती संयुक्त संख्या. ७ ही मूळ संख्या आहे. १५ ही नाही, कारण ३ पाचे १५.

आता सहावी संख्या काढा. ६५,५३६ चा वर्ग करून त्यात १ मिळवा. उत्तर येते ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही दहा अंकी संख्या मूळ आहे की संयुक्त? प्रश्न एका ओळीचा आहे. पण युरोपात तो नव्वदहून अधिक वर्षे पडून होता.

या संख्यांची माळ प्रथम मांडली ती फ्रान्सच्या पिएर द फर्मा यांनी. फर्मा टूलूझ या शहरातील न्यायालयात काम करीत आणि फुरसतीच्या वेळी गणित करीत. त्यांनी केलेले गणित मात्र फुरसतीचे वाटत नाही, इतके ते खोल आहे. १६४० साली त्यांनी आपल्या मित्रांना पत्रांतून कळवले की या माळेतील प्रत्येक संख्या मूळ असावी असे आपल्याला वाटते. पहिल्या पाच संख्या तर त्यांच्या बाजूने होत्याच. याची सिद्धता मात्र आपल्याला सापडलेली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. पुढे फर्मा वारले. त्यांचे नाव मोठे झाले. त्यांचा अंदाज लोकांच्या लक्षात राहिला, पण तो तपासून पाहण्याच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

कोणी तपासले का नाही, हे समजण्यासाठी थोडा विचार करा. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे पाहायचे असेल, तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते. ६५,५३७ साठी असे ५४ भागाकार पुरतात. एका दुपारचे काम! पण सहाव्या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या आसपास आहे, आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला साडेसहा हजार वेळा भागायचे, तेही बोरूने कागदावर. शिवाय एक भागाकार चुकला तर सगळीच मेहनत वाया जायची.

हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांचे नाव लिओनार्ड ऑयलर. इंग्रजी अक्षरांवरून पुष्कळ जण हे नाव यूलर असे वाचतात, पण खरा उच्चार ऑयलर असा आहे.

लिओनार्डचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल या शहरात झाला. वडील पॉल ऑयलर हे ख्रिस्ती धर्मगुरू होते. लिओनार्ड लहान असतानाच हे कुटुंब शहराजवळच्या रीएन या गावी राहायला गेले. वडिलांनी तरुणपणी गणिताचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे मुलाला गणिताचे पहिले धडे घरीच मिळाले. मुलाने मात्र आपल्यासारखे धर्मगुरू व्हावे अशी त्यांची इच्छा होती. तेराव्या वर्षी लिओनार्ड बाझलच्या विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी या वयात विद्यापीठात जाणे आजच्याइतके नवलाचे नव्हते.

त्या विद्यापीठात योहान बर्नुली नावाचे नामवंत गणिती शिकवीत असत. लिओनार्डने त्यांच्याकडे खासगी शिकवणीची विनंती केली. बर्नुलींना वेळ नव्हता. पण त्यांनी मुलाला अगदीच परत पाठवले नाही. कठीण पुस्तके तू स्वतः वाच, जिथे अडेल तिथे खूण कर आणि शनिवारी दुपारी येऊन विचार, असे त्यांनी त्याला सांगितले. मग लिओनार्ड आठवडाभर पुस्तकाशी झगडू लागला. शनिवारी उस्तादांपुढे फार प्रश्न घेऊन जायला लागू नये म्हणून जमेल तेवढे तो आपले आपणच सोडवी. मला वाटते, रोजची शिकवणी मिळाली असती तर त्याला इतका लाभ झाला नसता. काही काळाने बर्नुलींनीच पॉल ऑयलर यांची समजूत घातली, आणि मुलाला गणिताची वाट मोकळी झाली.

वयाच्या विसाव्या वर्षाआधीच लिओनार्डने बाझल विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केला. ती जागा त्याला मिळाली नाही. दरम्यान रशियाच्या राजधानीतून, सेंट पीटर्सबर्गहून, बोलावणे आले होते. रशियाचा बादशहा पीटर याने १७२४ साली तेथे विज्ञान अकादमी स्थापन केली होती, आणि योहान बर्नुलींचा मुलगा डॅनिएल तेथे आधीच काम करीत होता. मोकळी असलेली जागा मात्र वैद्यकाच्या विभागात होती! लिओनार्डने त्यासाठी काही महिने शरीरशास्त्राचा अभ्यास केला आणि एप्रिल १७२७ मध्ये तो घरातून निघाला. बोटीने आणि घोडागाडीने प्रवास करीत तो सहा आठवड्यांनी पीटर्सबर्गला पोहोचला. स्वित्झर्लंडला तो पुन्हा कधीही परतला नाही.

आता आपण त्यांना ऑयलर म्हणू, कारण येथून पुढे ते मोठे झाले. ते पोहोचले त्याच सुमारास रशियाची राणी वारली आणि अकादमीचे दिवस कठीण झाले. काही काळ त्यांनी रशियाच्या आरमारातही नोकरी केली. १७३० साली ते अकादमीत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १७३३ साली गणिताचे.

अकादमीचे चिटणीस क्रिस्तियान गोल्डबाख यांच्याशी ऑयलर यांचा स्नेह जमला होता. गोल्डबाख मॉस्कोला गेल्यावर दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १ डिसेंबर १७२९ च्या पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर आठवण यावी तसे, गोल्डबाख यांनी विचारले की फर्मांच्या त्या माळेतील सर्व संख्या मूळ असतात हे तुम्हांला ठाऊक आहे काय.

ऑयलर यांनी या प्रश्नात आधी फारसा रस दाखवला नाही. ते दुसऱ्याच कामात बुडालेले होते. पण गोल्डबाख यांनी तो विषय सोडला नाही, पुन्हा लिहिले. मग ऑयलर यांनी फर्मांचे लेखन काढून वाचले, आणि एकदा वाचल्यावर संख्यांचे वेड त्यांना जन्मभर सुटले नाही. एका मित्राच्या चिकाटीमुळे केवढे काम उभे राहिले पाहा!

सप्टेंबर १७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या ऑयलर यांनी अकादमीपुढे एक छोटा निबंध ठेवला. त्यात त्यांनी दाखवून दिले की माळेतील सहावी संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो.

तुम्ही यावर नुसता विश्वास ठेवू नका. वहीत करून पाहा. ६४१ ने भागल्यावर ६७,००,४१७ येतात. आता उलट गुणाकार करू. ६७,००,४१७ गुणिले ६०० म्हणजे ४,०२,०२,५०,२००. ६७,००,४१७ गुणिले ४१ म्हणजे २७,४७,१७,०९७. या दोहोंची बेरीज करा. ४,२९,४९,६७,२९७ आली ना? एवढ्या गुणाकाराने फर्मांचा अंदाज चुकीचा ठरला. पहिल्या पाच संख्या खऱ्या निघाल्या म्हणून सहावी खरी निघेलच, असे झाले नाही.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २, ३, ५, ७ असे ओळीने मोजत गेले तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. म्हणजे साडेसहा हजार भागाकारांची भीती बाळगण्याचे कारणच नव्हते. ११६ व्या भागाकाराला उत्तर हाती लागले असते. फर्मांना ते अशक्य नव्हते. पण दार किती जवळ आहे हे बंद खोलीत कळत नाही.

मग ऑयलर यांनी ११६ भागाकार केले काय? १७३२ च्या निबंधात त्यांनी आपली रीत सांगितलेली नाही. ती पंधरा-एक वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या एका निबंधात सापडते. या सहाव्या संख्येला कोणत्या संख्यांनी भाग जाऊ शकेल आणि कोणत्या संख्यांनी कधीच जाणार नाही, हे त्यांनी आधी विचाराने ठरवले. भाग जायचाच असेल तर तो अशाच मूळ संख्येने जाईल, जिला ६४ ने भागले असता बाकी १ उरते. हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. आता अशा संख्या ओळीने लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतील ६५ आणि ३८५ ला ५ ने भाग जातो. १२९, ३२१ आणि ५१३ ला ३ ने भाग जातो. त्या गाळा. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला काम फत्ते!

गणित्याची खरी मेहनत ही अशी असते. हात चालवण्याआधी त्याने साडेसहा हजारांतील बहुतेक भागाकार डोक्यातच पुसून टाकलेले असतात. पुढच्या आयुष्यात ऑयलर यांना हीच सवय उपयोगी पडणार होती, कारण त्यांच्यावर एक मोठे संकट येत होते.

७ जानेवारी १७३४ रोजी ऑयलर यांचा विवाह काटारिना ग्सेल यांच्याशी झाला. काटारिना यांचे वडील चित्रकार होते. या दांपत्याला तेरा मुले झाली. त्यांतील पाचच बालपण ओलांडून वाढली. घर मुलांनी भरलेले असे. मांडीवर मूल, खांद्यावर मांजर आणि पुढ्यात कागद अशा अवस्थेत ऑयलर गणित करीत, अशी आठवण त्यांना ओळखणाऱ्या एका गृहस्थाने लिहून ठेवली आहे. आवाज झाला की आपला अभ्यास मोडतो अशी तक्रार करणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

१७३५ साली त्यांना कडक ताप आला. जिवावरचे दुखणे होते, त्यातून ते उठले. पण १७३८ साली त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्या दिवसांत ते रशियाच्या नकाशांचे बारीक काम करीत होते. त्या कामानेच आपला डोळा गेला, असे त्यांना वाटे. आजचे अभ्यासक मात्र त्या तापालाच कारण मानतात. काही असो, ऑयलर यांनी लिहिणे थांबवले नाही. याच काळात त्यांनी १ + १/४ + १/९ + १/१६ अशा कधी न संपणाऱ्या बेरजेचे नेमके उत्तर काढले. बाझलच्या मोठमोठ्या गणित्यांनीही या बेरजेपुढे हात टेकले होते. वर्तुळाच्या गणितात तुम्ही 'पाय' हे चिन्ह वापरता ना? ते प्रथम वापरले दुसऱ्याने, पण सगळ्या जगात रूढ झाले ते ऑयलर यांच्या पुस्तकांमुळे.

१७४१ साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून ते बर्लिनला गेले आणि पंचवीस वर्षे तेथे राहिले. काम भरपूर झाले. मान मात्र हवा तसा मिळाला नाही. राजाला दरबारात हजरजबाबी, नटवे बोलणारे विद्वान आवडत. ऑयलर साधे, धर्मशील आणि घरगुती वृत्तीचे. त्यांच्या एका डोळ्यावरून राजा टिंगलही करी. शेवटी १७६६ साली रशियाची राणी दुसरी कॅथरीन हिने त्यांना सन्मानाने परत बोलावले आणि ते पीटर्सबर्गला आले. तेव्हा त्यांचे वय एकोणसाठ होते.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढू लागला. कागदावरची बारीक अक्षरे आधी गेली, मग मोठी. शेवटी पाटीवर खडूने काढलेली मोठमोठी चिन्हेच तेवढी अंधुक दिसत. त्यातच मे १७७१ मध्ये शहराला भयंकर आग लागली. ऑयलर यांचे घर पेटले. ते आत अडकले होते, आणि त्यांना बाहेरचा रस्ता दिसणार कसा? बाझलचाच पेटर ग्रिम नावाचा एक कारागीर धावून आला आणि त्यांना खांद्यावर उचलून बाहेर घेऊन आला. घर जळाले, पण त्यांच्या हस्तलिखितांचा बराच भाग वाचला.

त्याच वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली आणि ऑयलर यांना पुन्हा दिसू लागले! घरात केवढा आनंद झाला असेल याची तुम्ही कल्पना करा. तो आनंद थोडेच दिवस टिकला. जखम चिघळली, असह्य वेदना झाल्या आणि दृष्टी कायमची गेली. त्या काळी जंतुनाशक औषधे नव्हती. आज आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयातही मोतीबिंदू सहज काढला जातो; तेव्हा तो जगातील सर्वांत मोठ्या गणित्यालाही आंधळा करून गेला.

आता तुम्हांला वाटेल की येथे त्यांचे काम संपले. तसे झाले नाही. त्यांच्या सबंध आयुष्यातील जवळजवळ निम्मे लेखन पीटर्सबर्गला परतल्यानंतरचे, म्हणजे दृष्टी जाण्याच्या आणि गेल्यानंतरच्या काळातील आहे. १७७५ साली तर त्यांनी सरासरी दर आठवड्याला एक निबंध तयार केला. हे कसे जमले? ते बोलत आणि दुसरे लिहून घेत. त्यांचा मुलगा योहान आल्ब्रेख्त मदतीला होता. क्राफ्ट आणि लेक्सेल हे गणिती होते. १७७३ साली बाझलहून निकोलाउस फुस हा तरुण खास याच कामासाठी आला. मोठाली समीकरणे ऑयलर यांच्या डोक्यात तयार होत आणि तेथेच सोडवली जात. विचाराने आधीच हिशेब लहान करून घेण्याची त्यांची जुनी सवय आता त्यांचा आधार झाली.

त्यांच्या स्मरणशक्तीच्या पुष्कळ गोष्टी सांगतात. लॅटिन कवी व्हर्जिल याचे एनीड हे महाकाव्य त्यांना तोंडपाठ होते, आणि आपल्या जवळच्या प्रतीतील प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ कोणती हेही ते सांगत, असे म्हणतात. तुमच्यापैकी काही जण हाफिज असतील किंवा तुमच्या घरात कोणी असेल. त्यांना यात अशक्य असे काही वाटणार नाही.

या दिवसांतले त्यांचे एक पुस्तक फार प्रसिद्ध आहे. ते बीजगणिताचे आहे. बीजगणिताला आपण उर्दूत अलजबरा म्हणतो आणि युरोपातील भाषांतही जवळजवळ तोच शब्द चालतो, कारण तो मूळचा अरबी आहे. बगदादच्या अल्-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातून तो सगळीकडे गेला. ऑयलर यांनी हे पुस्तक एका तरुण नोकराला सांगून लिहून घेतले. तो पूर्वी शिंप्याकडे उमेदवारी करीत होता आणि गणितात अगदी सामान्य होता. पुस्तक लिहून होईपर्यंत त्यालाच बीजगणित चांगले येऊ लागले! आपले लेखन समजण्याजोगे आहे की नाही, याची याहून चांगली परीक्षा कोणती?

मोठ्या संख्यांचा नादही त्यांना सुटला नव्हता. २ गुणिले २ गुणिले २ असे एकतीस वेळा २ घेऊन गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ही मूळ आहे काय? साध्या रीतीने गेले तर पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. ऑयलर यांनी पुन्हा आपली जुनी युक्ती चालवली. भाग जायचाच असेल तर अशाच संख्येने जाईल, जिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरते. मग पावणेचारशेच्या आतच काम उरले. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही. ही संख्या मूळ आहे, असे त्यांनी बर्नुली घराण्यातील एका गणित्याला पत्राने कळवले आणि ते पत्र १७७२ साली प्रसिद्ध झाले. पुढे बराच काळ माणसाला माहीत असलेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

या संख्येशी तुमचीही गाठ पडते, पण तुम्हांला ते ठाऊक नसते. अनेक संगणक पूर्ण संख्या ठेवण्यासाठी ३२ घरे वापरतात. एक घर अधिक-उणे या चिन्हासाठी सोडले की उरलेल्या ३१ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर एक कोरियन गाणे इतक्या वेळा पाहिले गेले की मोजणी या संख्येच्या पुढे गेली, आणि मोजणीची सोय वाढवावी लागली. आणि ३२ च्या ३२ घरांत किती वेगवेगळ्या मांडण्या होतात? ४,२९,४९,६७,२९६. आपल्या सहाव्या संख्येपेक्षा बरोबर एकाने कमी!

१७७३ साली काटारिना वारल्या. तीन वर्षांनी ऑयलर यांनी त्यांच्याच सावत्र बहिणीशी विवाह केला, कारण आंधळ्या माणसाचे घर सांभाळायला कोणी तरी हवे होते आणि मुलांच्या संसारात भार होऊन राहणे त्यांना नको होते.

१८ सप्टेंबर १७८३ हा दिवस नेहमीसारखाच उजाडला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये गरम हवेचा फुगा प्रथम आकाशात चढला होता आणि युरोपात सगळीकडे त्याचीच चर्चा होती. असा फुगा किती उंच जाईल याचे गणित ऑयलर यांनी केले. जेवणानंतर नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी ते लेक्सेल यांच्याशी बोलले. मग चहा झाला. जवळ नातवंड खेळत होते. बोलता बोलता मेंदूत रक्तस्राव होऊन ते बेशुद्ध झाले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. वय शहात्तर होते. फुग्याचे गणित पाटीवर तसेच राहिले होते. ते पुढे छापण्यात आले. अकादमीजवळ त्यांचे इतके निबंध साठले होते की ते छापता छापता कित्येक दशके गेली. त्यांचे समग्र लेखन नव्याने प्रसिद्ध करण्याचे काम स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली सुरू झाले आणि त्याचे ऐंशीच्या आसपास जाडजूड खंड झाले.

आणि फर्मांच्या त्या माळेचे काय झाले? १७९६ साली कार्ल फ्रीडरिख गाउस या अठरा वर्षांच्या जर्मन तरुणाने दाखवले की कंपास आणि पट्टी एवढ्याच साधनांनी सतरा समान बाजूंची आकृती काढता येते. ते शक्य होते याचे कारण १७ ही या माळेतील मूळ संख्या आहे. सातवी संख्या वीस अंकी आहे: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचे दोन भाग लांद्री नावाच्या फ्रेंच गणित्याने १८८० साली शोधले. तेव्हा त्याचे वय ब्याऐंशी होते. त्यातला लहान भाग २,७४,१७७ हा आहे. यालाही ६४ ने भागून पाहा, बाकी १ उरते.

त्यानंतर यंत्रे आली, संगणक आले. सहाव्या संख्येपासून तेहतिसाव्या संख्येपर्यंत सर्व संख्या संयुक्त आहेत हे आता ठरले आहे. पहिल्या पाचांनंतर या माळेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पुढे एखादी असेल की नसेल, हे कोणी सिद्ध केलेले नाही. चौतिसावी संख्या लिहायची तर अडीचशे कोटींहून अधिक अंक लागतात, आणि ती मूळ आहे की संयुक्त याचा निकाल अजून लागायचा आहे.